शुक्रवारचं जेवण

प्रिय,

तुझं पत्र परवा मिळालं. परराष्ट्र सेवेची परीक्षा द्यावी की बँकेत लागावं, आणि ‘पुढाऱ्यांच्या हाताखाली आकडे मांडण्यातच जन्म गेला तर?’ असं विचारलंयस. सरळ उत्तर माझ्याकडे नाही. एका माणसाबद्दल सांगतो.

मेक्सिकोचा हेसूस सिल्वा हेर्सोग. जन्म १९३५. वडीलही त्याच नावाचे आणि नामांकित अर्थतज्ज्ञ. १९३८ मध्ये मेक्सिकोने परदेशी तेलकंपन्या ताब्यात घेतल्या, त्याआधी त्या कंपन्यांचे हिशेब तपासणाऱ्या समितीत ते होते. मुलगा मेक्सिकोच्या राष्ट्रीय विद्यापीठात शिकला, मग अमेरिकेतल्या येल विद्यापीठात. मार्च १९८२ मध्ये तो अर्थमंत्री झाला. मुहूर्त याहून वाईट सापडला नसता. तेलाचे भाव उतरलेले, अमेरिकेतले व्याजदर आभाळाला भिडलेले आणि देशाच्या डोक्यावर साधारण ८० अब्ज डॉलरचं परदेशी कर्ज. राष्ट्राध्यक्ष लोपेझ पोर्तियो नुकतेच म्हणाले होते, पेसोची, म्हणजे आपल्या चलनाची, राखण मी कुत्र्यासारखी करीन. पेसो कोसळला, तेव्हा लोक त्यांच्यावर खरोखर भुंकले.

आता नीट वाच. त्या वर्षी सिल्वा हेर्सोगने एक रिवाज पाडला होता. गुरुवारी रात्री विमानाने वॉशिंग्टन गाठायचं. शुक्रवारी सकाळी आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे प्रमुख जाक द लारोसिएर, दुपारी अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे, म्हणजे फेडरल रिझर्व्हचे, प्रमुख पॉल व्होल्कर यांच्याबरोबर जेवण, मग अमेरिकेचे अर्थमंत्री डोनाल्ड रीगन (राष्ट्राध्यक्ष रेगन नव्हेत, लोकांचा घोळ होतो) आणि संध्याकाळी परत. फेडमधला लेमन पाय त्याला फार आवडायचा. प्रत्येक खेपेला तो तिजोरीत काय उरलंय ते सांगायचा. म्हणून ऑगस्टमध्ये पैसे खरोखर संपले, तेव्हा समोरच्यांना धक्का बसला, पण हा खोटं बोलतोय असं कुणाला वाटलं नाही. गरज पडल्यावर ओळख काढायला गेलं की दारात उभं राहावं लागतं. हा आधीच आत बसलेला होता.

पण भिडस्तही नव्हता हो. ऑगस्टच्या त्या शनिवार-रविवारी अमेरिकेने तेलाच्या बदल्यात एक अब्ज डॉलर आगाऊ द्यायचं कबूल केलं आणि वर वाटाघाटींची फी म्हणून १० कोटी मागितले. बुडत्याकडून होडीचं भाडं! मेक्सिकोने नकार दिला, बोलणी मोडली, मंडळी घरी निघायच्या बेतात होती. मग अमेरिका ५ कोटींवर आली. २० ऑगस्टला न्यूयॉर्कमध्ये शंभरावर बँकांच्या प्रतिनिधींसमोर उभं राहून त्याने मुद्दलाला ९० दिवसांची मुदत मागितली. व्याज मात्र देत राहू, म्हणाला. आकडे घोटून पाठ असले तरच असं बोलता येतं. तुला कंटाळवाणे वाटणारे तेच आकडे.

दहा-बारा दिवसांत, १ सप्टेंबरला, त्याच्याच राष्ट्राध्यक्षाने देशातल्या खासगी बँकांचं राष्ट्रीयीकरण जाहीर केलं. अर्थमंत्र्याला ऐन वेळेपर्यंत पत्ता नव्हता. मध्यवर्ती बँकेचा प्रमुख बदलला, हा राहिला. राहायला नको होतं असं म्हणणारे भेटतील. मला वाटतं, अर्धवट सोडलेली वाटाघाट दुसऱ्याच्या गळ्यात मारण्यापेक्षा ते बरं.

माझी तक्रार वेगळी आहे. परदेशातल्या माणसांसाठी जी चिकाटी त्याने दाखवली, ती घरातल्यांसाठी कमी पडली. पुढच्या राष्ट्राध्यक्षांच्या मंत्रिमंडळातही तो अर्थमंत्री राहिला, पण अर्थसंकल्पाचं खातं कार्लोस सालिनास यांच्याकडे होतं. दोघांचं जमेना. १९८५ चा भूकंप, मग तेलाची घसरण, आणि खर्चाला कात्री कुणी लावायची यावरून ओढाताण. जून १९८६ मध्ये सिल्वा हेर्सोग बाहेर पडला. सालिनास १९८८ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले. तू नोकरीला लागलीस की शेजारच्या खात्यातल्या माणसाबरोबरही शुक्रवारी जेवत जा.

पुढे तो स्पेनमध्ये राजदूत होता, थोडे दिवस पर्यटनमंत्री. २००० मध्ये मेक्सिको सिटीच्या प्रमुखपदाची निवडणूक लढवून तिसरा आला. लोकांसमोर उभं राहणं त्याचं काम नव्हतंच बहुधा.

पण त्याआधीची दोन वर्षं मला आवडतात. १९९४ च्या डिसेंबरात पेसो पुन्हा कोसळला, अमेरिकेला पुन्हा हात द्यावा लागला, आणि १९९५ मध्ये मेक्सिकोने राजदूत म्हणून वॉशिंग्टनला पाठवलं ते यालाच. जानेवारी १९९७ मध्ये ते कर्ज मुदतीच्या तीन वर्षं आधी फिटलं, तेव्हा तो तिथेच होता.

तुझा,
काका