रात्रीची लाईट, पोट आणि मोबाईलमधला चार्ट

प्रश्न : आमची रावेर तालुक्यात केळी आहे. पाण्याच्या पंपाला लागणारी थ्री फेज लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीच्या आठवड्यात पोट साफ होत नाही, घरात उगाच खेकसतो, दिवसा झोपायला जावं तर झोप नाही. पुतण्याने मोबाईलवर बायोरिदमचा चार्ट काढला, म्हणे काका आज तुमचा क्रिटिकल दिवस, मोटारीकडे जाऊच नका. खरं मानायचं का?

उत्तर : दादा, तो चार्ट आधी डिलीट करायला सांगा. जन्मतारखेपासून 23, 28 आणि 33 दिवसांची चक्रं मोजतात त्यात, पहिली दोन बर्लिनच्या विल्हेल्म फ्लीस नावाच्या डॉक्टरच्या डोक्यातून निघाली, तिसरं नंतर कोणी जोडलं, आणि तपासलं तेव्हा हाती काही लागलं नाही. मुहूर्तच तो, फक्त ग्राफ रंगीत.

तुमचा त्रास मात्र खराय. मेंदूत साधारण 20 हजार पेशींचं एक घड्याळ असतं, ते उजेडावर लागतं, अंधार पडला की झोपेचं हार्मोन मेलाटोनिन वाढतं, पहाटे चारपाचला अंग सगळ्यात थंड आणि डोकं सगळ्यात मंद, सकाळी अंगाला जागं करणारं हार्मोन कॉर्टिसॉल चढतं, शिवाय पोट आणि लिव्हरची आपापली घड्याळं वेगळीच. (हे आतून कसं चालतं ते शोधणाऱ्या तिघांना 2017 चं नोबेल मिळालं, तेही फळमाशीवर काम करून, पिकल्या केळ्यांवर घिरट्या घालते ना तीच.) हे घड्याळ दिवसाला फार तर तासभर सरकतं, म्हणजे ते रात्रीला जरा कुठे रुळतंय तोवर तुमची लाईट परत दिवसाची. चिडचिड होणारच, वहिनींनाही सांगा हे.

जमेल ते करा. निघण्याआधी संध्याकाळी तास-दीड तास झोपून घ्या. जेवण निघायच्या आधी, रात्री दोनला शेवभाजी नको, त्या वेळी तेच जेवण रक्तातली साखर जास्त चढवतं. चहा मध्यरात्रीपर्यंतच. व्हॉल्व्ह बदलून पहाटे गाडीवर परत येताना डुलकी लागते, खरी भीती तिची आहे, सापाइतकीच, तेव्हा डोळे जड वाटले तर शेतातच थोडं पडा. घरी आल्यावर खिडकीला जाड गोधडी लावून पूर्ण अंधार, मे महिन्यात पत्र्याखाली झोपायचा तर विचारच सोडा. आणि शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर रात्रीच्या आठवड्यात वेळ काय ठेवायची हे डॉक्टरांना विचारा, आपल्या मनाने बदलू नका.