टँकरवरचा 'इन' आणि गुडघ्यातला 'के'

प्रश्न : 'इनव्हिजिबल' म्हणजे न दिसणारं, 'इनकरेक्ट' म्हणजे बरोबर नसलेलं. मग पेट्रोलच्या टँकरवर 'हायली इनफ्लेमेबल' कसं? ते तर भडकन पेटतं!

लॅटिनमधून इंग्रजीत दोन 'इन' आले. एक नकाराचा, दुसरा 'आत' या अर्थाचा. टँकरवरचा दुसरा आहे. 'इनफ्लामारे' म्हणजे पेटवणे. जखमेच्या दाहाला 'इनफ्लमेशन' म्हणतात तेही त्यातूनच. त्यामुळे 'फ्लेमेबल' आणि 'इनफ्लेमेबल' यांचा अर्थ एकच, ज्वालाग्राही. न पेटणारं ते 'नॉनफ्लेमेबल'. तुमच्यासारखा घोटाळा एखाद्याच्या जिवावर बेतू नये म्हणून विसाव्या शतकात अग्निसुरक्षेच्या लोकांनी 'फ्लेमेबल' हाच शब्द पुढे आणला. आपले टँकर मात्र अजून जुन्याच शब्दावर आहेत. मागे गाडी असेल तर व्युत्पत्ती नंतर, आधी अंतर ठेवा.

'इनव्हॅल्युएबल'मधला 'इन' मात्र खरोखर नकाराचा, तरी अर्थ बिनकिमतीचा नव्हे. आपलं 'अमूल्य' आठवा.

प्रश्न : 'बायमंथली' म्हणजे महिन्यातून दोनदा की दोन महिन्यांतून एकदा?

दोन्ही. शब्दकोशही दोन्ही अर्थ देतात. करारात, पत्रात हा शब्द टाळाच. मराठीत पाक्षिक आणि द्वैमासिक असे दोन सरळ शब्द आहेत.

प्रश्न : मुलगी चौथीत आहे. नी, नाइफ, नॉट, नो या शब्दांतला 'के' लिहायचा, पण म्हणायचा नाही. दर वेळी विसरते. तो ठेवलाय तरी कशाला?

कारण एके काळी तो म्हणत असत. जर्मन लोक गुडघ्याला आजही 'क्नी' म्हणतात, 'क'सकट. इंग्रजांच्या तोंडून तो साधारण सतराव्या शतकात गळला, पण तोवर छापखान्यांनी स्पेलिंग बसवून टाकलं होतं.

मुलीला एक गंमत सांगा. गुडघ्याचा 'नी' आणि आपला संस्कृत 'जानु' एकाच मूळ शब्दाचे वंशज. आजानुबाहू म्हणजे ज्याचे हात गुडघ्यापर्यंत पोचतात तो. तसंच जाणण्याचा 'नो' आणि 'ज्ञा' धातू सख्खे भाऊबंद. आता 'ज्ञान' मोठ्यानं म्हणा. लिहितो ज् आणि ञ, म्हणतो 'द्न्य'. इंग्रजांना हसायला आपल्याला तोंड नाही! (नाइफ आणि नॉट यांना या कुळात ओढू नका.)

प्रश्न : ग्लो, ग्लिटर, ग्लीम, ग्लिंट : 'जी-एल'चा अर्थ चमक असा धरावा का?

नियम म्हणून नको, खूण म्हणून चालेल. जे. आर. फर्थ या भाषाशास्त्रज्ञाने अशा अक्षरजोड्यांना १९३० मध्ये 'फोनेस्थीम' हे नाव दिलं. त्याआधी ते लाहोरला इंग्रजीचे प्राध्यापक होते. 'ग्लॅड'चाही जुना अर्थ तेजस्वी असाच. आपलाही चेहरा आनंदाने उजळतोच. पण 'ग्लू' आणि 'ग्लव्ह' यांत चमक कुठली? मराठीतही झगमग, झळाळी, झळकणं एका रांगेत बसतात, आणि त्यांच्या शेजारी झोप नि झाडू.