गाइड निवडताना एच-इंडेक्स किती बघायचा?

प्रश्न : मुलगी फिजिक्समध्ये एमएस्सी झाली, जेआरएफही (संशोधनासाठीची शिष्यवृत्ती) मिळाली. पीएचडीसाठी दोन गाइड तिला घ्यायला तयार आहेत. एक नॅनोमटेरियलमधले, 325 पेपर, एच-इंडेक्स 48. दुसरे गणिती अंगाने सापेक्षतावादावर काम करणारे, एच-इंडेक्स 11. तिचा ओढा दुसऱ्यांकडे आहे. चौपट फरक दिसत असताना विचार कसला करायचा? – एक पालक, तासगाव

उत्तर : सप्रेम नमस्कार. तुम्ही आकडे बघितलेत हे चांगलंच केलंत, बरेच पालक तेवढंही बघत नाहीत. पण हे दोन आकडे शेजारी ठेवून वजाबाकी करता येत नाही. एकरी टनात ऊस द्राक्षाला मागे टाकणारच. म्हणून तुमच्याकडे कोणी द्राक्षबाग मोडत नाही.

एच-इंडेक्स 48 म्हणजे किमान 48 पेपर असे, की प्रत्येकाचा उल्लेख इतर पेपरांत किमान 48 वेळा झाला आहे. ही मोजणी 2005 साली जॉर्ज हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने सुचवली. त्याच लेखात त्याने दिलेली उदाहरणं बघा : सैद्धांतिक भौतिकीतल्या एडवर्ड विटेन यांचा एच-इंडेक्स 110, तर मेंदूविज्ञानातल्या सॉलोमन स्नायडर यांचा 191. म्हणून विटेन कमी दर्जाचे, असं कोणी म्हणणार नाही. जीवशास्त्रात माणसं जास्त, पेपर जास्त, प्रत्येक पेपरमागची संदर्भयादी लांब. साहजिकच सायटेशनचा, म्हणजे अशा उल्लेखांचा, पाऊस पडतो. प्रथिनं मोजण्याच्या पद्धतीवरच्या लॉरी यांच्या 1951च्या पेपरला तीन लाखांहून जास्त सायटेशन आहेत, कारण प्रयोगशाळेत ती पद्धत वापरणारा प्रत्येकजण त्याचा उल्लेख करत आला.

नॅनोमटेरियलही असंच गर्दीचं क्षेत्र आहे, आणि एकेका पेपरवर आठ-दहा नावं सहज असतात. (हिग्ज बोसॉन या मूलकणाचं वस्तुमान सांगणाऱ्या 2015च्या पेपरवर तर 5,154 नावं होती!) सापेक्षतावादावर गणित करणारा माणूस एकटा किंवा एखाद्या सहकाऱ्याबरोबर लिहितो, वाचणारेही मोजकेच. गणितासारख्या लहान क्षेत्रात थोड्याशा सायटेशननेही क्रमवारी उलटीपालटी होते, आणि तिथे आकडे फुगवणं सोपं जातं. याच कारणाने सायटेशनची आकडेवारी ठेवणाऱ्या क्लॅरिव्हेट कंपनीने 2023मध्ये सर्वाधिक सायटेशनवाल्या संशोधकांच्या यादीतून गणित हा विषयच वगळला.

शिवाय एच-इंडेक्स वयाबरोबर वाढतो, कमी कधीच होत नाही. दुसरे सर तरुण असतील तर 11 हा आकडा मला अजिबात खटकत नाही. तुलना करायचीच तर त्यांच्याच विषयातल्या, त्यांच्याच सुमाराच्या अनुभवाच्या दोन-तीन प्राध्यापकांशी करा.

पहिल्या सरांबद्दलही आकड्यावरून मत बनवू नका, ना चांगलं ना वाईट. गूगल स्कॉलर या पेपर शोधण्याच्या साइटवर त्यांचे पेपर वर्षानुसार लावा. एकाच वर्षात चाळीस-पन्नास पेपर दिसले तर गाइड प्रत्यक्षात किती वाचतात, ही शंका रास्त आहे. कधी त्याच नावाच्या दुसऱ्याच माणसाचे पेपरही त्या यादीत घुसलेले असतात. चुका किंवा गैरप्रकारामुळे मागे घेतलेले पेपर आहेत का, तेही अशा पेपरांची नोंद ठेवणाऱ्या रिट्रॅक्शन वॉचच्या यादीत शोधा. या विषयात पहिलं नाव बहुधा विद्यार्थ्याचं आणि शेवटचं गाइडचं असतं. विद्यार्थ्यांची नावं खरोखर पहिली येतात का, हे पाहा. शोधगंगा या भारतीय प्रबंधांच्या साइटवर दोन्ही सरांच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध मिळतील. ते विद्यार्थी आज कुठे आहेत आणि पीएचडीला किती वर्षं लागली, हे त्यांनाच फोन करून विचारा. फोनवर माणसं खरं बोलतात, ईमेलवर सगळे गाइड देवमाणूस असतात.

तुमची खरी काळजी नोकरीची असेल, तर तीही बोलूया. सिद्धांताच्या बाजूला जागा कमी. बहुधा परदेशात एक-दोन पोस्टडॉक (पीएचडीनंतरची तात्पुरती संशोधन-नोकरी) करूनच कायमची प्राध्यापकी मिळते. नॅनोमटेरियलवाल्याला उद्योगाचा रस्ताही उघडा असतो. हा फरक मुलीसमोर जरूर मांडा, तो एच-इंडेक्सपेक्षा कितीतरी महत्त्वाचा आहे. जेआरएफचे महिना 37,000 रुपये मात्र दोन्हीकडे सारखेच. यूजीसीच्या 2022च्या नियमांत प्रबंध देण्याआधी पेपर छापून आणण्याची सक्तीही राहिलेली नाही, पण काही विद्यापीठांनी ती स्वतःहून ठेवली आहे. तुमच्या विद्यापीठाचा नियम विचारून घ्या.

माझा कौल मुलीच्या बाजूने आहे, पण एका अटीवर. तिने दुसऱ्या सरांचे अलीकडचे दोन पेपर पेन-वही घेऊन वाचावेत, अडलेलं गणित त्यांना जाऊन विचारावं. तासभर बसून ते समजावून सांगत असतील, तर प्रवेश घ्या. टाळाटाळ झाली, तर पहिल्या सरांची प्रयोगशाळा बघायला जा.