म्हाताऱ्यांच्या घरावर टपलेलं कुटुंब : तुमचे प्रश्न

पोरं पुण्याला नाहीतर हैदराबादला, गावात म्हातारा-म्हातारी आणि पक्कं घर. मग एक कुटुंब ओळख काढत येतं. बाई डबा देते, पोरगा गाडीवर बँकेत नेतो, जावई कागदावर साक्षीदार होतो. याच्यावरचे प्रश्न सारखे येऊन राहिलेत म्हणून इथं उत्तरं देतो.

प्रश्न (दर्यापूर) : डबा देणारे म्हणतात, ग्रामपंचायतीत नमुना ८ वर, म्हणजे घरपट्टीच्या नोंदीत, फक्त आमचं नाव चढवा, घर बाबांचंच राहील. चढवावं का?

नाही.

प्रश्न (आर्णी) : आई ७४ वर्षांची. श्रावणबाळ पेन्शनचा फॉर्म आहे सांगून तालुक्याला नेलं आणि घराचं बक्षीसपत्र करून घेतलं. सगळे म्हणतात रजिस्ट्री झाली की विषय संपला.

कोण म्हणतं संपला? हे पानठेल्यावरचे वकील लोकांची घरं बुडवतात. फसवून घेतलेला दस्त दिवाणी कोर्टातून रद्द करता येतो, पण फसवणूक कळल्यापासून ३ वर्षांच्या आत दावा लागतो, आणि लोक दिवाळीला भाऊ येऊ दे, लग्न होऊन जाऊ दे करत तीच वर्षं घालवतात. उद्याच दुय्यम निबंधकाकडून दस्ताची नक्कल काढा. साक्षीदार कोण, ओळख कोणी दिली ते बघा, तीच नावं गावातल्या दुसऱ्या म्हाताऱ्यांच्या दस्तावरही निघाली तर सगळ्या नकला एकत्र करून पोलिसांना दाखवा. फेरफाराची, म्हणजे मालकीची नोंद बदलायची, नोटीस आली असेल तर १५ दिवसांत तलाठ्याकडे लेखी हरकत द्या, पोच घ्या. सांभाळ करू या अटीवर दिलं असेल आणि सांभाळत नसतील तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली प्रांताकडे, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्याकडे अर्ज होतो. पण ती अट दाखवावी लागते, म्हणून दस्तातला शब्द न् शब्द वकिलाकडून वाचून घ्या. आणि पैसे घेऊन 'रजिस्ट्री कॅन्सल करून देतो' म्हणणाऱ्या एजंटाला दारात उभं करू नका, निबंधकाला फसवणुकीवरून दस्त रद्द करता येत नाही, ते काम कोर्टाचं. वकिलाची फी परवडत नसेल तर तालुका कोर्टातल्या विधी सेवा समितीत जा, बाईमाणसाला तिथं मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. आईला सोबत न्या, पण या आठवड्यातच.

प्रश्न (मूर्तिजापूर) : वडिलांनी दवाखान्यासाठी उसने घेतले, पैसे देणाऱ्यांनी तारण म्हणून घराची खरेदीच करून घेतली. पैसे दिले की पलटवून देऊ म्हणतात.

तोंडी शब्दावर थांबू नका बाप्पा. ही सावकारी दिसते. २०१४ च्या सावकारी कायद्यात अशी मिळकत परत मिळवायची तरतूद आहे, जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे अर्ज करा. पैसे दिल्याच्या चिठ्ठ्या, बँकेची एन्ट्री, सगळं जपा. अर्ज वकिलाला दाखवूनच द्या.

प्रश्न (दारव्हा) : ठाण्यात म्हणतात हे दिवाणी आहे, घेत नाही.

लेखी द्या, पोच मागा. नाहीच घेतलं तर तीच तक्रार पोस्टानं एसपींना. खोटं बोलून सही घेणं हा फसवणुकीचा गुन्हाही असतो.

प्रश्न (वरूड) : मामंजींना चालवत नाही, जबाबाला ठाण्यात कसं न्यायचं?

नेऊ नका. साक्षीदार साठीच्या वरचा असेल तर पोलिसांनी घरी यायचं असतं. टाळाटाळ झाली तर १४५६७ या ज्येष्ठांच्या हेल्पलाईनला फोन करा.