पोकेमॉनच्या जुन्या कार्डाची किंमत कशी ठरवावी?

प्रश्न : माझी बहीण न्यू जर्सीत राहते. तिने घर बदलताना भाच्याची लहानपणची पोकेमॉन कार्डे माझ्या मुलीसाठी पाठवली. त्यांतल्या चारिझार्ड या ड्रॅगनसारख्या पोकेमॉनच्या कार्डावर तळाशी १९९९ हे साल आहे, आणि असे कार्ड लाखो रुपयांना विकले गेल्याचे मुलीने वाचले आहे. आमच्या कार्डाची किंमत कशी ओळखावी?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : केवळ सालावरून काहीही ठरवू नका. अमेरिकेत १९९९ च्या जानेवारीत विझार्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीने १०२ कार्डांचा पहिला इंग्रजी संच आणला. तो पुन्हा पुन्हा छापला गेला आणि त्या सगळ्या छपायांवर १९९९ हे साल दिसते. त्यामुळे आधी उजवीकडचा खालचा कोपरा पाहा. तेथे ४/१०२ असेल तर कार्ड पहिल्या संचातले आहे, ४/१३० असेल तर ते २००० साली आलेल्या ‘बेस सेट २’ या नंतरच्या संचातले, म्हणजे बरेच स्वस्त आहे. २०२१ मध्ये पंचविसाव्या वर्धापनानिमित्त निघालेल्या पुनर्मुद्रणावरही ४/१०२ हाच क्रमांक आहे, मात्र त्याच्या चित्रावर २५ आकड्याचे बोधचिन्ह आहे.

यानंतर चित्राची चौकट नीट निरखा, कारण खरी किंमत तेथेच ठरते. चौकटीच्या उजव्या कडेला करडी सावली असेल तर ती सर्वांत मोठ्या संख्येने छापलेली ‘अनलिमिटेड’ आवृत्ती होय. सावली नसेल तर कार्ड ‘शॅडोलेस’ म्हणजे आधीच्या छपाईचे असते, आणि त्याशिवाय चौकटीच्या डाव्या कोपऱ्याखाली ‘फर्स्ट एडिशन’चा काळा गोल शिक्का असेल तर ते सर्वांत दुर्मीळ. पहिल्या संचातल्या चारिझार्डवर शिक्का आणि सावली दोन्ही एकत्र दिसली, तर शिक्का मागाहून उमटवलेला आहे असे खुशाल समजा. माचॅम्प या दुसऱ्या पोकेमॉनच्या कार्डावर मात्र दोन्ही असणे स्वाभाविक आहे, कारण दोन खेळाडूंच्या प्रारंभिक संचातून ते शिक्क्यासहच वाटले गेले. म्हणूनच ते फारसे महागही नाही.

बनावट कार्डे भरपूर फिरतात. अस्सल चारिझार्डची चमक फक्त चित्राच्या चौकटीत असते, संपूर्ण कार्डावर नसते. अस्सल कार्डाच्या दोन थरांमध्ये गडद रंगाचा पातळ थर असतो आणि तो कडेने पाहिल्यास रेषेसारखा दिसतो. तो पाहण्यासाठी कार्ड फाडून पाहण्याचा सल्ला काही जण देतात, तो कृपया मानू नका.

वर्तमानपत्रांत येणारा आकडा कोणत्या कार्डाचा असतो, हेही ध्यानात घ्या. २०२२ मध्ये ४ लाख २० हजार डॉलरना विकले गेलेले चारिझार्ड फर्स्ट एडिशनचे होते आणि पीएसए या परीक्षण संस्थेने त्याला १० पैकी १० गुण दिले होते. कोपरे झिजलेल्या, मुलांनी मनसोक्त खेळलेल्या अनलिमिटेड कार्डाला याचा अगदी अल्प अंश मिळतो. कोपरे, कडा, पृष्ठभागावरील चरे आणि कार्डाच्या चारही बाजूंच्या पिवळ्या पट्टीची समान रुंदी यांवर हे गुण ठरतात. कार्ड पुसून चकचकीत करण्याचा प्रयत्न केल्यास गुण कमीच होतील.

ईबेवर विक्रेत्याने मागितलेली किंमत पाहू नका. विकल्या गेलेल्या वस्तूंची यादी उघडून त्याच छपाईच्या आणि तशाच अवस्थेतल्या कार्डांना मिळालेले भाव ताडून पाहा. परीक्षणाचे शुल्क, टपाल आणि विमा यांहून भाव पुष्कळ अधिक असेल तरच कार्ड परीक्षणाला पाठवावे, आणि ते आपल्या बहिणीमार्फत अमेरिकेतूनच पाठवणे सोयीचे पडेल. तोवर ते प्लास्टिकच्या स्लीव्हमध्ये घालून कोरड्या जागी सपाट ठेवा, कारण ठाण्याच्या पावसाळी दमटपणात चमकीची कार्डे लवकर वाकतात.