अकरावीला आयटी घ्यावे की मराठी?

प्रश्न : माझ्या मुलीने अकरावी विज्ञान शाखेत प्रवेश घेतला आहे. दुसऱ्या भाषेऐवजी माहिती तंत्रज्ञान, म्हणजे आयटी, घेता येईल असे महाविद्यालयाने कळवले आहे. शेजारच्यांच्या मते हा विषय ‘स्कोअरिंग’ आहे. कॉम्प्युटर सायन्स तो हाच का, आणि त्याची परीक्षा कशी असते?
– एक पालक, मुलुंड

उत्तर : हे दोन वेगळे विषय आहेत आणि प्रवेशाच्या घाईत पालक नेमके येथेच फसतात. कॉम्प्युटर सायन्स हा २०० गुणांचा द्विलक्ष्यी विषय असून त्यासाठी दुसऱ्या भाषेबरोबर आणखी एक विषय, बहुधा जीवशास्त्र, सोडावा लागतो. आयटी मात्र १०० गुणांचा आहे व तो केवळ एका विषयाची जागा घेतो.

अकरावीत माहिती तंत्रज्ञानाची ओळख, डेटाबेस, वेब डिझायनिंग आणि सायबर कायदा शिकवतात. त्या वर्षाची परीक्षा महाविद्यालयच घेते. बारावीत एचटीएमएल, जावास्क्रिप्ट व पीएचपी या वेबपाने घडवण्याच्या संगणकीय भाषांवर भर असतो. मंडळाची परीक्षा ८० गुणांची, अडीच तासांची आणि संगणकावर होते. उरलेले २० गुण प्रात्यक्षिकाचे.

‘स्कोअरिंग’ ही ख्याती आली ती या ८०पैकी ६० गुणांमुळे. रिकाम्या जागा, चूक की बरोबर, जोड्या लावा आणि बहुपर्यायी प्रश्न यांतच ते संपतात. तरीही काही बहुपर्यायी प्रश्नांत दोन, तर काहींत तीन योग्य पर्याय निवडायचे असतात, आणि दोन योग्य पर्यायांच्या प्रश्नांनाच २० गुण आहेत. एक पर्याय ठाऊक असून दुसऱ्यापाशी अडणारी मुले तेथे मागे पडतात. उरलेल्या २० गुणांपैकी १० थोडक्यात उत्तरांचे आणि १० दोन प्रोग्रॅमचे, आणि हे सारे टंकलिखित करायचे. पीएचपीत चलाच्या, म्हणजे व्हेरिएबलच्या, नावाआधीचे डॉलरचे चिन्ह विसरले किंवा जावास्क्रिप्टमध्ये कॅपिटलच्या जागी स्मॉल अक्षर पडले, तर प्रोग्रॅम बिघडतो. क्लासच्या नोट्स पाठ करून ही नजर येत नाही; ती लॅबमध्ये स्वतःच्या चुका शोधतानाच येते.

मराठी मासिकातून हे लिहिताना थोडा पक्षपात होणारच, पण मुलीला वाचनाची गोडी असेल तर केवळ गुणांच्या हिशेबाने मराठी सोडण्यात मला शहाणपण दिसत नाही. उलट तिला संगणकावर काही घडवून पाहायची हौस असेल, तर आयटी जरूर घ्यावे. मात्र निर्णयापूर्वी एकदा महाविद्यालयाची लॅब पाहून यावी आणि तासाला प्रत्येकीला स्वतंत्र संगणक मिळतो की तीन मुली एका कीबोर्डभोवती बसतात, हे शिक्षकांना नव्हे, बारावीच्या मुलींना विचारावे.