समजतं, पण वेळ लागतो

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. "सगळं येत असतं, तरी पेपर कधीच पुरा होत नाही," हे तुझ्या पत्रातलं वाक्य मला ओळखीचं आहे. लहानपणी ल्युकेमियाचे, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरचे, उपचार झालेली मुलं कॉलेजात पोचली की जवळजवळ याच शब्दांत सांगतात. तोवर 'आळशी', 'धांदरट' हे सगळं ऐकून झालेलं असतं. तू तर आता स्वतःच स्वतःला तसं म्हणायला लागलीस, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ल्युकेमियाच्या पेशी मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात दडून बसतात. नेहमीची बरीच औषधं तिथे पुरेशी पोचत नाहीत. म्हणून १९६०-७०च्या दशकांत मुलांच्या डोक्याला रेडिएशन देऊ लागले, पुष्कळदा २४ ग्रे (ग्रे हे रेडिएशनच्या डोसचं माप). त्याने मुलं जगू लागली, हे आधी मान्य करायला हवं. मग ती शाळेत अडखळताना दिसली, डोस १८ ग्रेपर्यंत उतरला, आणि आज बहुतेकांचं मेथोट्रेक्सेट या औषधावर भागतं, ते पाठीतून सुईने त्या द्रवात सोडतात. तुझंही तसंच झालं. रेडिएशनपेक्षा हे पुष्कळ सौम्य, पण मेंदूला काहीच न लागणारं नव्हे. हे औषध पेशींना फोलेट हे जीवनसत्त्व वापरू देत नाही, आणि लहान वयात मज्जातंतूंवर मायलिनचं आवरण चढायचं काम अजून चालू असतं. ते नीट चढलं नाही तर निरोप पोचतो, पण सावकाश. म्हणूनच परिणाम उपचार संपताच दिसत नाही. अभ्यास वाढला की वरच्या वर्गांत कळतो.

मेंदूचं काम तपासायच्या चाचणीत हे कसं दिसतं ते सांगते. कागदावर वर एक ते नऊ आकडे आणि प्रत्येकाखाली एक खूण. त्याखाली आकड्यांच्या ओळी, खुणांच्या जागा रिकाम्या. दोन मिनिटांत जमेल तेवढ्या भरायच्या. तुझ्यासारखी मुलं बहुतेक एकही चूक करत नाहीत. कागद अर्धा कोरा असताना वेळ संपतो. त्याच मुलांना शब्दांचे अर्थ विचारले तर उत्तरं चोख. आता वर्ग आठव. फळ्यावरचं उतरवायचं, त्याच वेळी ऐकायचं, मागची पायरी डोक्यात धरून ठेवायची. तू अडकतेस ती तिथे.

म्हणून चाचणीनंतर नुसता बुद्ध्यांक लिहिलेला अहवाल हाती पडला तर घेऊ नकोस. प्रोसेसिंग स्पीड (मेंदूच्या कामाचा वेग), वर्किंग मेमरी (काम करताना गोष्टी डोक्यात धरून ठेवणं) आणि लक्ष यांचे गुण वेगवेगळे माग. परीक्षेत जादा वेळ मागायला तोच कागद कामी येतो, आणि तो मागताना अजिबात ओशाळायचं नाही.

त्याआधी थायरॉइड तपासून घे. झोपेचं आणि मनाचंही डॉक्टरांना खरं खरं सांग. यातलं काहीही बिघडलं तरी डोकं असंच जड चालतं, आणि त्यावर उपाय आहेत. (सिसप्लॅटिन हे कॅन्सरचं दुसरं औषध घेतलेल्या मुलांचे तर आधी कान तपासावे लागतात. वरच्या पट्टीतले आवाज ऐकू येत नाहीत, आणि घरच्यांना वाटतं पोरगं लक्ष देत नाही.) लक्ष टिकावं म्हणून मेथिलफेनिडेट या औषधाचा काहींना उपयोग होतो, पण तुझ्या उपचारांत डॉक्सोरुबिसिनसारखं हृदयाला इजा करू शकणारं कॅन्सरचं औषध असेल तर हृदय तपासल्याशिवाय ते सुरू करायचं नाही. मेंदूच्या खेळांच्या ॲपवर पैसे घालवू नकोस. त्या खेळातले गुण वाढतात, पेपरातले क्वचितच. त्यापेक्षा रोज घाम येईल असा व्यायाम कर.

आईला अजून वाटतं की तेव्हा डॉक्टरांना काही विचारायला हवं होतं. तिला सांग, मेंदूपर्यंत औषध पोचवलं नसतं तर आजार बहुधा तिथूनच उलटला असता.

आता एक काम कर. जिथे उपचार झाले तिथून उपचारांचा लेखी सारांश मागव. त्यात औषधांची नावं, एकूण डोस, पाठीतून किती वेळा औषध दिलं आणि तेव्हा तुझं वय काय होतं, एवढं हवंच. जुनी फाइल सापडत नाही म्हणाले तर लेखी अर्ज दे. सारांशाची प्रत मला पाठव, मग चाचणीची तारीख ठरवू. ती सकाळची घेऊ, दुपारपर्यंत तू थकतेस.

तुझी,
मावशी